सेव्ह आणि लोड : गेममधलं गाव बंद केल्यावर कुठे जातं?



आजचा पाठ थोडा वेगळ्या विषयावर आहे. आधी माझी एक चूक सांगते आणि मग पाठाकडे वळते.

मे महिन्याच्या सुट्टीत भाचा आमच्याकडे राहायला आला होता. सहावी संपवून सातवीत गेलेला. सकाळपासून लॅपटॉपवर घर बांधायचा, माणसं वसवायचा एक गेम खेळत बसला होता. दुपारी पाहुणे आले, पानं वाढून झाली. मी एक हाक मारली, दुसरी मारली. "मावशी, एकच मिनिट!" तिसऱ्या हाकेला मी उठले आणि लॅपटॉपचं बटण दाबून धरलं. स्क्रीन काळी झाली. मुलगा आधी गप्प बसला, मग हमसून हमसून रडायला लागला. मी म्हटलं, "अरे, गेमच तर आहे! परत सुरू कर की." तो म्हणाला, "सेव्ह नव्हतं केलं. सकाळपासूनचं सगळं गेलं."

खरं सांगते, तेव्हा मला त्याचं रडणं म्हणजे नुसता हट्ट वाटला. रात्री मात्र विचार आला, माझ्या पाचवीच्या वर्गाचं निकालपत्रक संगणकावर भरून होत आलंय आणि कुणी येऊन असंच बटण दाबलं, तर मी काय केलं असतं? दुसऱ्या दिवशी त्याच्याशेजारी बसले आणि म्हटलं, "मला शिकव. हे सेव्ह म्हणजे नक्की काय होतं?" त्यातून जे समजलं, नंतर वाचून जे कळलं आणि वर्गात जे करून पाहिलं, ते आज तुमच्यापुढे मांडते आहे.

१. आधी एक सोपा प्रश्न : सापशिडीचा डाव अर्धवट राहिला तर?

समजा, चार मुलं सापशिडी खेळताहेत आणि शाळेची घंटा झाली. डाव उद्या इथूनच पुढे न्यायचा आहे, पण पट गुंडाळून ठेवावा लागणार. मग वहीत काय लिहून ठेवाल? लाल सोंगटी ४२ वर, हिरवी १७ वर, पिवळी ६३ वर, निळी ८ वर आणि आता पाळी हिरव्याची. बस्स! पाच गोष्टी लिहिल्या की डाव सेव्ह झाला. साप कुठे, शिड्या कुठे, हे लिहायची गरज नाही, कारण ते पटावर छापलेलंच आहे.

आता बुद्धिबळ घ्या. मोहरी कुठल्या घरात आहेत आणि खेळी कोणाची, एवढं पुरेल का? नाही. राजा एकदा हलून परत आपल्या जागी आला असेल तर त्याचा किल्लेकोट करायचा हक्क गेलेला असतो. पटाकडे नुसतं बघून ते कळत नाही, वेगळं लिहूनच ठेवावं लागतं. म्हणजे डोळ्यांना दिसतं त्याहून जास्त काहीतरी 'स्थिती'त असतं.

आणि कॅरम? सोंगट्या चौकटीत बसत नाहीत, बोर्डावर कुठेही असतात. प्रत्येक सोंगटीचं अंतर दोन्ही बाजूंनी पट्टीने मोजून लिहावं लागेल.

सेव्ह करणं म्हणजे नेमकं हेच. खेळ या क्षणी ज्या स्थितीत आहे, ती स्थिती पुन्हा जशीच्या तशी मांडता येईल इतकी माहिती लिहून ठेवणं म्हणजे सेव्ह. ती माहिती वाचून खेळ पुन्हा मांडणं म्हणजे लोड.

२. जीवनानुकरणाच्या गेममध्ये हे अवघड का होतं?

गाडी पळवायच्या किंवा गोळ्या झाडायच्या गेममध्ये बऱ्याचदा 'किती टप्पे पार झाले, किती गुण मिळाले' एवढं साठवलं तरी भागतं. पण काही गेममध्ये मुलं एक आयुष्यच चालवत असतात. घर, शेत, जनावरं, शेजारी, मैत्री, भांडणं, ऋतू. अशा गेमना इंग्रजीत 'लाइफ सिम्युलेशन' म्हणतात, आपण जीवनानुकरणाचे गेम म्हणू. २००० साली आलेला 'द सिम्स' हा यातला फार गाजलेला गेम. अमेरिकेतल्या मॅक्सिस कंपनीच्या विल राइट यांनी तो घडवला. जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा 'ॲनिमल क्रॉसिंग' २००१ पासून आहे. २०१६ साली आलेला 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा गेम तर एरिक बरोन या एकाच माणसाने, चित्रं आणि संगीतासकट, एकट्याने तयार केला होता.

या गेममध्ये 'जिंकलो' असा शेवट नसतो. मुलांनी जे उभं केलं, तेच त्यांचं यश. म्हणून सेव्ह गेलं की गुण जात नाहीत, गाव जातं. भाच्याचं रडणं मला इथे कळलं.

३. सेव्ह फाइलमध्ये काय असतं आणि काय नसतं?

शिक्षकांना हे चटकन कळेल असं एक उदाहरण देते : शाळा सोडल्याचा दाखला.

मूल एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जातं तेव्हा आपण दाखल्यावर काय लिहितो? नाव, आईचं नाव, जन्मतारीख, इयत्ता, प्रगती, वर्तणूक. वर्गाच्या भिंती, बाक, फळा दाखल्यासोबत पाठवत नाही, कारण नव्या शाळेत ते असतातच. गेमचंही तसंच आहे. गाईचं चित्र, तिचं हंबरणं, घराचं छप्पर हे सगळं गेम बसवताना संगणकावर आलेलंच असतं. सेव्ह फाइलमध्ये फक्त एवढी नोंद असते : 'गाय, नाव कपिला, वय इतके दिवस, गोठा क्रमांक अमुक, आज धार काढली : नाही.'

यावरून दोन गोष्टी लक्षात येतात.

पहिली, गेम काही जीबीचा असला तरी त्याची सेव्ह फाइल त्या मानाने फारच लहान असते. ती पेन ड्राइव्हवर सहज मावते.

दुसरी, नुसती सेव्ह फाइल असून भागत नाही, गेमही हवा. 'द सिम्स ४' ला वरून विकत घ्यायचे विस्तार पॅक असतात. एखाद्या पॅकमधली वस्तू घरात मांडली आणि तीच फाइल तो पॅक नसलेल्या संगणकावर उघडली, तर ती वस्तू तिथे दिसणार नाही. दाखल्यावर 'तबला शिकतो' असं लिहिलेलं आहे, पण नव्या शाळेत तबलाच नाही, तसं हे झालं.

आता नात्यांचं काय? वर्गात दोन ओंकार असतील तर आपण काय करतो? हजेरी क्रमांक बघतो. गेमही तेच करतो. प्रत्येक माणसाला, प्राण्याला, वस्तूला एक क्रमांक देतो आणि मैत्री लिहिताना 'क्रमांक ४ ची क्रमांक ११ शी मैत्री, इतके गुण' असं लिहितो. मुलाने मधेच पात्राचं नाव बदललं तरी मैत्री तुटत नाही, कारण ती नावाला बांधलेलीच नसते.

'स्टारड्यू व्हॅली'ची संगणकावरची सेव्ह फाइल ही चक्क अक्षरांत लिहिलेली असते. साध्या नोटपॅडमध्ये उघडली तर खुणांच्या मध्ये शेतकऱ्याचं नाव, पैसे, पिशवीतल्या वस्तू वाचता येतात. सहावी-सातवीच्या मुलांना हे दाखवा, डोळे विस्फारतात! फक्त आधी त्या फोल्डरची दुसरी प्रत करा आणि ती प्रतच उघडा. मूळ फाइलला हात लावू नका.

४. सेव्ह होताना पायऱ्या कोणत्या?

वेगवेगळ्या गेममध्ये तपशील बदलतात, पण चांगल्या पद्धतीत साधारण असा क्रम असतो :

(अ) क्षण गोठवणं. नोंद घेताना गाव हलता कामा नये. वर्गाचा फोटो काढताना आपण "हलू नका रे" म्हणतो, तसंच. म्हणून सेव्ह होताना गेम क्षणभर थांबतो.

(आ) ओळीने लिहून काढणं. संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत हे गाव जाळ्यासारखं पसरलेलं असतं. हा त्याचा शेजारी, ही त्याची गाय, तो तिचा गोठा. फाइल मात्र एका सरळ ओळीत लिहावी लागते. जाळं उलगडून त्याची ओळ करायची, हे सगळ्यात कौशल्याचं काम.

(इ) आधी कच्च्या फाइलमध्ये लिहिणं. आपण निकालाचे गुण आधी कच्च्या कागदावर उतरवतो, तपासतो आणि मगच पक्क्या पत्रकात घेतो. गेमही नवी माहिती आधी वेगळ्या तात्पुरत्या फाइलमध्ये लिहितो. ती पूर्ण झाली की मग जुनीच्या जागी तिला बसवतो. का? मध्येच लाइट गेली तर निदान जुनी फाइल शाबूत राहावी म्हणून. जुनी खोडून तिच्यावरच नवी लिहायला घेतली आणि अर्ध्यात वीज गेली, तर धड जुनी नाही आणि धड नवी नाही. 'सेव्ह होत आहे, बंद करू नका' अशी सूचना येते ती याचसाठी. ती दिसत असताना बटणाला हात लावायचा नाही, हा नियम घरातल्या मोठ्यांनाही लागू आहे!

(ई) जुनी प्रत बाजूला ठेवणं. 'द सिम्स ४' प्रत्येक सेव्हच्या मागच्या पाचपर्यंत जुन्या प्रती ठेवतो. लोड करायच्या पडद्यावरच जुनी प्रत परत मिळवायचं बटण असतं. बऱ्याच मुलांना हे माहीत नसतं. 'स्टारड्यू व्हॅली' सुद्धा आधीच्या दिवसाची एक प्रत त्याच फोल्डरमध्ये ठेवतो. तेव्हा "सगळं गेलं" म्हणून मूल रडत असेल तर आधी शांतपणे ही जुनी प्रत बघा.

५. लोड होताना उलटा क्रम

लोड करताना गेम आधी फाइल कोणत्या आवृत्तीत लिहिलेली आहे ते बघतो. नव्या आवृत्तीचा गेम बहुधा जुनी फाइल वाचून घेतो, पण जुन्या आवृत्तीला नवी फाइल कळेलच असं नाही. जुन्या अभ्यासक्रमाचं मूल नव्या वर्गात सामावून घेता येतं, उलटं अवघड जातं.

मग गेम आधी जमीन मांडतो, त्यावर घरं, घरांत वस्तू, त्यानंतर माणसं आणि प्राणी. नाती सगळ्यात शेवटी, कारण ४ आणि ११ हे दोघेही जागेवर आल्याशिवाय त्यांच्यात मैत्रीचा धागा बांधणार कसा? हे सगळं झालं की घड्याळ सुरू. लोड होताना जी पट्टी हळूहळू भरत जाते ना, तिच्यामागे ही सगळी मांडामांड चाललेली असते.

६. तीन गेम, तीन तऱ्हा

पालकांनी हा भाग जरूर वाचावा. 'कधी बंद करायचं' हे भांडण इथेच मिटू शकतं.

पहिली तऱ्हा : केव्हाही सेव्ह करा. 'द सिम्स ४'मध्ये खेळणारा हवं तेव्हा सेव्ह करू शकतो. एकाच घराच्या दोन-तीन वेगवेगळ्या फाइल ठेवू शकतो. 'सेव्ह' म्हटलं की त्याच फाइलवर लिहिलं जातं आणि 'सेव्ह ॲज' म्हटलं की वेगळी फाइल तयार होते. फायदा असा की 'असं केलं तर काय होईल' हे मुलाला करून बघता येतं. तोटा असा की सेव्ह करायचं विसरलं की तासांची मेहनत जाते. माझ्या भाच्याचं हेच झालं. अशा गेमला हाक मारताना "बंद कर" म्हणण्याऐवजी "सेव्ह कर आणि ये" म्हणा. काम एखाद्या मिनिटाचं असतं.

दुसरी तऱ्हा : दिवस संपला की सेव्ह. 'स्टारड्यू व्हॅली'त संगणकावर खेळताना आपला शेतकरी रात्री झोपला की सेव्ह होतं. ही कल्पना जुनी आहे. १९९६ साली जपानमध्ये आलेल्या 'हार्वेस्ट मून' या शेतीच्या गेममध्येही झोपण्याआधी घरातल्या डायरीत नोंद करून सेव्ह करत. 'स्टारड्यू'मधला दिवस सकाळी ६ ला सुरू होतो आणि फार तर रात्री २ पर्यंत चालतो. गेममधली १० मिनिटं म्हणजे आपली साधारण ७ सेकंद. आता मुलांकडून हे गणित करून घ्या : २० तास म्हणजे १२० वेळा १० मिनिटं, १२० गुणिले ७ म्हणजे ८४० सेकंद, म्हणजे १४ मिनिटं. मध्येच बंद केलं तर त्या दिवसाचं काम जातं, आधीचे दिवस सुरक्षित राहतात. एकट्याने खेळताना मेनू उघडला की घड्याळ थांबतं. म्हणून जेवायला बोलावलं तर मूल मेनू उघडून खुशाल उठू शकतं. कायमचं बंद करायचं असेल तर शेतकऱ्याला लगेच झोपवता येतं. तेव्हा मूल "अजून अर्धा तास सेव्ह होणारच नाही" म्हणालं तर गोड हसून हे गणित समोर ठेवा.

आणखी एक. मित्रांसोबत एकाच शेतावर खेळत असतील तर सेव्ह ज्याने शेत सुरू केलं त्याच्याच संगणकावर असतं. तो मित्र गावाला गेला की शेतही त्याच्याबरोबर गेलं!

तिसरी तऱ्हा : आपोआप सेव्ह, आणि मागे फिरणं नाही. २०२० साली आलेल्या 'ॲनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स'मध्ये गेम स्वतःच वरचेवर सेव्ह करत राहतो. आधीच्या भागांत तसं नव्हतं. तिथे सेव्ह न करता यंत्र बंद केलं, तर पुढच्या वेळी जमिनीतून मिस्टर रिसेट्टी नावाचा एक चिचुंद्रीसारखा प्राणी बाहेर यायचा आणि लांबलचक बोलणी ऐकवायचा. पुन्हा पुन्हा केलं की बोलणी आणखी लांब! गंमत आहे, पण त्यामागे विचार होता. झालेली चूक पुसायला यंत्र बंद करू नका, गावात जे घडलं ते घडलं. नव्या भागात आपोआप सेव्ह आल्यावर या रागीट गुरुजींचं ओरडायचं काम संपलं.

या गेममध्ये एका स्विच यंत्रावर एकच बेट असतं. घरात दोन भावंडं असतील तर दोघांची घरं त्याच बेटावर, आणि बेटाचे मोठे निर्णय ज्याने आधी खेळ सुरू केला त्याच्या हाती. दोन मुलांत एक यंत्र घेणाऱ्या पालकांनी हे आधीच समजावून घ्यावं, नंतरची रडारड टळेल.

मोबाइलवरचा 'हे डे' हा शेतीचा गेमही या तिसऱ्या तऱ्हेतलाच. तिथे सेव्हचं बटण शोधून सापडणार नाही. सगळी नोंद कंपनीच्या सर्व्हरवर होते, म्हणूनच तो इंटरनेटशिवाय चालत नाही.

७. बंद गेममध्ये पीक वाढतं कसं?

वर्गात एका मुलीने विचारलं, "बाई, मी फोन बंद करून झोपते तरी सकाळी पीक तयार असतं. रात्रभर गेम चालू असतो का?"

छान प्रश्न! उत्तर बँकेच्या पासबुकात आहे. तुमच्या खात्यावरचं व्याज रात्रभर कुणी जागून लिहीत बसत नाही. पैसे केव्हा ठेवले ती तारीख असते. हिशेबाच्या दिवशी मधले दिवस मोजून व्याज एकदम मांडतात. गेमही पेरल्याची वेळ लिहून ठेवतो. उघडल्यावर आत्ताच्या वेळेतून ती वजा करतो. 'हे डे'त गव्हाला २ मिनिटं लागतात, तुम्ही आठ तासांनी आलात, म्हणजे गहू तयार. वाढ झालीच नव्हती, फक्त वजाबाकी झाली.

मग लबाडी करून घड्याळ पुढे केलं तर? घड्याळ कुणाचं, यावर ते अवलंबून आहे. सर्व्हरचं असेल तर फोनची वेळ बदलून काही होत नाही. 'ॲनिमल क्रॉसिंग' मात्र यंत्राचं घड्याळ बघतो, म्हणून तिथे मुलं तारीख बदलून 'वेळप्रवास' करतात. त्यालाही गेमने एक चाप लावलाय. रविवारी विकत घेतलेले सलगम जवळ असताना तारीख मागे नेली की ते सडतात!

८. पुन्हा लोड करून नशीब बदलतं का?

मनासारखं झालं नाही की जुनी सेव्ह लोड करायची आणि परत खेळायचं, ही मुलांची आवडती युक्ती. कधी ती चालते, कधी नाही. का? फासा केव्हा टाकला जातो, यावर ते आहे. त्या क्षणी फासा टाकला जात असेल तर लोड केल्यावर वेगळं दान पडू शकतं. पण फासा आधीच टाकून, पडलेलं दान फाइलमध्ये लिहून ठेवलेलं असेल, तर शंभर वेळा लोड करा, तेच पडणार. 'स्टारड्यू'त झोपून उठल्यावर आज पाऊस आहे असं दिसलं, तर तोच दिवस पुन्हा लोड केला तरी पाऊसच असतो.

मूल वाईट निकाल पुसून टाकतं, हे बघून काही पालक काळजीत पडतात. मला यात लगेच दोष दिसत नाही. कच्च्या वहीत गणित तीनदा सोडवणारं मूल आपण चांगलंच म्हणतो ना? फक्त एक प्रश्न विचारा : "लोड केल्यावर या वेळी वेगळं काय केलंस?" उत्तर असेल तर ते शिकतंय. "काही नाही, नशीब बघत होतो" असं असेल तर गप्पा मारायला छान विषय मिळाला. १९९६ साली जपानमध्ये आलेल्या तामागोची या अंड्याएवढ्या खेळण्यात लोड नव्हतंच. पडद्यावरच्या पिल्लाकडे लक्ष दिलं नाही तर ते मरायचं आणि तेच पिल्लू परत आणता येत नसे, नव्याने दुसरं वाढवावं लागे. लोड असलेला खेळ आणि नसलेला खेळ, मुलं कुठे जास्त जपून वागतील? वर्गात विचारून बघा, अर्धा तास पुरणार नाही.

९. वर्गात घ्यायचा उपक्रम : कागदावरचं सेव्ह-लोड

इयत्ता पाचवी ते आठवी. वेळ एक तासिका. साहित्य : चौकटीचा कागद, फासा, पेन्सिल. संगणक लागत नाही.

१) चार-चार मुलांचे गट करा. प्रत्येक गटाने ६ × ६ चौकटींत आपलं गाव काढावं : घर, विहीर, दोन झाडं, एक शेत, एक गाय, दोन माणसं.

२) फासा टाकून तीन 'दिवस' खेळावेत. १-२ पडलं तर माणूस एक घर सरकतो, ३-४ पडलं तर शेताला पाणी, ५-६ पडलं तर दोन माणसांची मैत्री एक गुणाने वाढते.

३) आता "सेव्ह!" म्हणा. प्रत्येक गटाने फक्त शब्द आणि अंक वापरून, जास्तीत जास्त १२ ओळींत आपल्या गावाची स्थिती लिहावी. चित्र काढायचं नाही.

४) चिठ्ठ्या गटागटांत बदला. "लोड!" म्हणा. मिळालेल्या चिठ्ठीवरून कोऱ्या कागदावर गाव उभं करायचं.

५) मूळ गाव आणि लोड झालेलं गाव शेजारी शेजारी ठेवा.

माझ्या वर्गात काय झालं सांगते. एका गटाने लिहिलं, 'झाड विहिरीजवळ.' कुठल्या बाजूला? लोड करणाऱ्यांनी उजवीकडे काढलं, होतं डावीकडे. दुसऱ्या गटाने सगळं बरोबर लिहिलं, पण शेताला आज पाणी दिलंय की नाही तेच राहिलं. पाणी दिलेलं चित्रात दिसतच नव्हतं ना! एका गटात मैत्रीचे गुण लिहिले होते, पण कोणाची कोणाशी ते नव्हतं. फळ्यावर मी काहीच शिकवलं नाही. 'ओळ ३, स्तंभ ५' असं लिहायला हवं होतं, हे मुलांनीच एकमेकांना भांडून सांगितलं. निर्देशक, नेमकं लेखन आणि 'न दिसणारी माहिती' हे तिन्ही एका तासात झालं.

१०. घरासाठी चार गोष्टी

• मूल कोणता गेम खेळतं आणि तो वरीलपैकी कोणत्या तऱ्हेने सेव्ह होतो, हे त्याच्याकडूनच समजून घ्या. समजावून सांगताना त्यालाही अभिमान वाटतो.

• फोनमधली जागा मोकळी करताना सांभाळा. ॲपच्या माहितीत 'कॅशे' पुसलं तर सहसा बिघडत नाही. पण 'डेटा' पुसला किंवा ॲप काढून टाकलं, तर फोनमध्येच साठवलेलं सेव्ह जातं. माझ्या एका विद्यार्थिनीचं आठ महिन्यांचं शेत वडिलांनी लग्नाचे फोटो मावावेत म्हणून नकळत पुसलं. त्यांना बिचाऱ्यांना कल्पनाच नव्हती.

• सर्व्हरवर सेव्ह होणाऱ्या गेममध्ये खातं जोडलेलं आहे ना, हे पालकांनी स्वतः बघावं. फोन बदलला की त्याच खात्यावरून गाव परत मिळतं. पासवर्ड घरातल्या मोठ्यांकडे असावा.

• महत्त्वाच्या फाइलची एक प्रत दुसरीकडे ठेवायची सवय गेमपासूनच लावा. पुढे हीच सवय प्रकल्पाला आणि नोकरीतल्या कामाला उपयोगी पडेल.

शेवटी

भाच्याने दुसऱ्या दिवशी घर नव्याने बांधायला घेतलं. मी शेजारीच बसले होते. म्हणाला, "मावशी, या वेळी स्वयंपाकघर पूर्वेला घेतो, कालच्यात अंधार होता." म्हणजे फाइल गेली होती, पण शिकलेलं त्याच्या डोक्यात सेव्ह होतं! तरीही मी त्याची माफी मागितली. कारण त्याची सकाळ मी न विचारता पुसली होती, आणि तिला लोडचं बटण नाही.

आता आमचा ठराव झालाय. मी हाक मारायच्या दहा मिनिटं आधी एकदा सांगते, "सेव्ह करत आण." तोही दुसऱ्या हाकेची वाट बघत नाही. निदान बहुतेक वेळा!

तुमच्या घरी, तुमच्या वर्गात हा उपक्रम करून पाहा. मुलांच्या सेव्ह चिठ्ठ्यांत काय काय राहून गेलं, ते मला नक्की कळवा.